बोळवणीची फाइल

मघाशी तुम्ही विचारलंत की एवढीशी फाइल सेव्ह व्हायला मी स्क्रीनसमोर आरतीला उभं राहिल्यासारखी का बसते. सांगते. पण आधी चहा घ्या, नाहीतर तो गार होईल आणि तुम्ही माझ्या चहाला नावं ठेवाल.

मी टेमघरला राहते आणि घरूनच प्रोग्राम लिहिण्याचं काम करते. आमच्या आजूबाजूला सगळे लूम, कापडाचे यंत्रमाग. जन्म त्या खडखडाटात गेला, त्यामुळे तो आम्हाला ऐकूच येत नाही. ऐकू येते ती शुक्रवारची शांतता, कारण शुक्रवारी लूम बंद असतात आणि माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. म्हणून हौसाआत्याचे धवले रेकॉर्ड करायचं ठरलं तेव्हा वार शुक्रवारच ठरला. तिच्या खारबावच्या घरी नातीच्या लग्नाची डागडुजी चालली होती, दिवसभर टाइल्स कापायचं मशिन किंचाळत असायचं.

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. मांडवाचा पहिला बांबू रोवल्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. आता डीजे आला आणि धवलारणीला कोपऱ्यात खुर्ची मिळायला लागली. वर "मावशी, जरा थोडक्यात" हेही ऐकावं लागायचं. आत्याला कुणी थोडक्यात म्हटलं की ती हटकून जास्त लांबवायची. तिच्या स्वभावातलं हे मला फार आवडायचं.

तिचा मुलगा भाऊ, माझा आतेभाऊ. वडप्याची जमीन गोदामाला भाड्यानं दिल्यापासून त्याला प्रत्येक गोष्ट मोठी लागते, त्यामुळे मुलीच्या लग्नाला त्यानं आधी डीजे ठरवला आणि मग मुहूर्त काढला. पण त्याची मुलगी सुकन्या आजीवर गेलेली. आजीच्या धवल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, आजीचा घसा आता धरतो, तेव्हा पूर्वीआत्या, तू सगळं भरून ठेव.

मी चांगला माइक आणला आणि रेकॉर्डिंगसाठी स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. तयार ॲप फुकट मिळतं, हे मलाही माहीत आहे. पण सुताराचं मन बाभळीपाशी.

आता पुढचं कळायला एक गोष्ट समजून घ्या. फाइल लिहिणं हे सावकाशीचं काम असतं आणि प्रोग्रामला वाट बघत ताटकळायचं नसतं. आपण गिरणीत दळणाचा डबा ठेवतो आणि बाजार करून येतो, तसंच हे. प्रोग्राम सांगतो, एवढं लिहून ठेव. त्याला परत एक वचन मिळतं. खरोखरच वचन, त्या भाषेत त्याला प्रॉमिस म्हणतात. मग प्रोग्राम पुढच्या कामाला लागतो. फक्त घरी निघायच्या आधी त्या वचनापाशी येऊन थांबायचं असतं, आणि त्यासाठी एकच शब्द लिहायचा, 'अवेट'. तो विसरलात तर तुम्ही रिकामा डबा घेऊन घरी येता. डबा रिकामा आहे, हेसुद्धा कुणी सांगत नाही.

आत्या दर शुक्रवारी दुपारी भाऊच्या गाडीतून यायची, पदर नीट करून माइकसमोर बसायची आणि सुरुवात करायची. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. मग दुसरी ओळ, पुन्हा थांबायची. धवल्यात एकीनं ओळ सोडायची आणि दुसरीनं ती झेलायची असते. आत्याची ओळ आयुष्यभर गोदूबायनं झेलली. गोदूबाय मागच्या वर्षी गेली. आत्या मात्र अजूनही प्रत्येक ओळीनंतर तेवढीच थांबत होती. मी म्हटलं, आत्या, मधल्या या रिकाम्या जागा मी नंतर कापून टाकते, ऐकायला बरं पडेल.

"नको गो," ती म्हणाली. "त्यान गोदू हाय."

मी हसले. मग संध्याकाळी स्क्रीनवर आवाजाची रेघ पाहिली. त्या रिकाम्या जागा सारख्या नव्हत्या. ओळ लांब असली की जागा लांब, ओळ तोकडी असली की तोकडी. कुणीतरी तेवढी ओळ पुरती म्हणेपर्यंत आत्या थांबली होती, आणि एकदा तर ती पुढे जाता जाता मागे फिरली होती, समोरचीचं अजून संपलं नव्हतं म्हणून. मी काही कापलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी दोन धवले राहिले होते, आवतणाचा आणि बोळवणीचा. हे दोन मांडवाबाहेर म्हणायचे नसतात, म्हणून आत्या बराच वेळ नाही नाहीच म्हणत होती. आवतणाच्या धवल्यात घराण्यातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावतात. बोळवणीच्या धवल्यात त्यांना नाव घेऊनच परत पाठवतात, आणि तेही नवरीचं पाऊल मांडवाबाहेर पडायच्या आत. सुकन्या सोबत आली होती. तिनं विचारलं, आणि नाही पाठवलं तर?

"तर ते नवरीचे मागं जातान," आत्या म्हणाली. "वाईट न्हाय ती. आपलीच हान. पन त्यांना जित्या घरान रेता येत न्हाय, आन जिचे मागं गेली तिला घेऊन परत येतान."

सुकन्येनं हे ऐकूनही आजीच्या मांडीवर डोकं ठेवून हट्टच धरला. शेवटी आत्यानं दोन्ही लागोपाठ म्हणायचं कबूल केलं. बोलवायचं आणि त्याच बैठकीत परत पाठवायचं.

तिनं आवतण सुरू केलं आणि खोलीत खाडीच्या चिखलाचा वास आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाडी तिथून कुठल्या कुठे. ओहोटी लागल्यावर मिठागराच्या कडेला येतो तसा तो वास होता, खारट, थोडा कुजका, आणि खरं सांगू, आपलासा. लूम बंद, पंखा बंद, आत्या एकेक नाव घेत होती आणि मला उगाच वाटत होतं की आपण सोफ्यावर फार पसरून बसलोय, जरा सरकायला हवं. मग तिनं बोळवण म्हटली. शेवटची ओळ संपेपर्यंत वास गेला होता. खाली भाऊ हॉर्न वाजवत होता. मी स्टॉप दाबलं आणि लॅपटॉप मिटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी जीवाला धोका नाही म्हणून घरी सोडलं, पण तोंडातून एक नुसता 'आ' निघायचा. डोळे मात्र होते तसेच, तापट. भाऊ माझ्यासमोर रडला आणि मग म्हणाला, बरं झालं गो तू भरून ठेवलंस. आता स्पीकरवर आईच गाईल.

लग्नाच्या आधी मी फाइली उघडून पाहिल्या. हळदीच्या नीट होत्या. आवतणाची ऐकली, स्वच्छ होती. पुढची एकच राहिली होती, तेवढ्यात कुणीतरी मेंदीला हाक मारली. लिहिलेला प्रोग्राम माझाच, त्यामुळे मी फार विचार केला नाही.

लग्न सकाळचं होतं. भाऊच्या अंगणात मोठा मांडव, लाल कापडाच्या खुर्च्या, एका बाजूला डीजेचे उंचच उंच स्पीकर. आत्याला चाकाच्या खुर्चीत पुढे बसवलं होतं, नाकात नथ, मांडीवर लुळा हात. मी लॅपटॉप डीजेच्या टेबलावर ठेवला आणि आवतण लावलं.

एवढ्या मोठ्या स्पीकरमधून तो थकलेला आवाज आला आणि मांडव चिडीचूप झाला. पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागली. ओळ यायची, मग ती रिकामी जागा यायची, आणि त्या जागेत कुणी खोकतही नव्हतं. तो वास पुन्हा आला. या वेळी सगळ्यांनाच आला असणार, कारण म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे न बघता पदर डोक्यावर घेतले.

मांडव भरत गेला. मी पाणी आणायला उठले, पुढच्या रांगेतून वाट काढत, "जरा पाय घ्या हं, जरा पाय घ्या," असं म्हणत दुसऱ्या टोकाला गेले. पाणी प्यायले. मग मागे वळून बघितलं. पुढच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मागे माणसं दाटीवाटीनं उभी होती. भाऊचे गोदामवाले पाहुणे, टाय लावलेले, घामाघूम होऊन उभे. मी एकाला म्हटलं, पुढे बसा ना. त्यानं पुढे नजर टाकली आणि अगदी सहज म्हणाला, नाही नाही, घरची मोठी माणसं आहेत, बसू दे. मग त्यानं पुन्हा पाहिलं, जरा गोंधळला, पण जागचा हलला नाही. डीजेचा पोऱ्या उत्तर प्रदेशातला, त्याला आमच्या धवल्याचं काय ठाऊक. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आगे बुज़ुर्ग लोग कब से बैठे हैं। पंखा उनकी तरफ़ कर दूँ क्या?"

मी म्हटलं, कर. दुसरं काय म्हणणार होते?

भीती वाटली का, म्हणाल तर वाटली. पण त्याहून वेगळंही काही वाटलं. त्या रिकाम्या खुर्च्यांत माझे आजोबा असतील, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. गोदूबाय असेल. मिठागरात राबलेली, होडीवर गेलेली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची माणसं सुकन्येच्या लग्नाला नीट हात-पाय धुऊन आली होती आणि पंख्याखाली बसली होती. माझ्या एका फाइलीनं त्यांना बोलावलं होतं. मला रडूच आलं.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, दुपार कलली. सुकन्येची निघायची वेळ झाली. नवऱ्याची गाडी फुलं लावून मांडवाच्या तोंडाशी उभी होती. आत्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लाव, असं ते डोळे म्हणत होते.

मी बोळवणीची फाइल उघडली. ती रिकामी होती. आकार शून्य.

आधी वाटलं, चुकीची उघडली. मग प्रोग्राम उघडला आणि शेवटची ओळ वाचली. आधीच्या आठवड्यांत मी रेकॉर्डिंग थांबवलं की प्रोग्राम तसाच चालू राहायचा, त्यामुळे लिहिणं मागून का होईना, पुरं व्हायचं. त्या शुक्रवारी हॉर्न वाजला आणि मी लगेच लॅपटॉप मिटला. शेवटच्या ओळीत 'अवेट' नव्हतं. वचन घेतलं होतं, त्याच्यापाशी थांबले नव्हते.

"लाव गो पूर्वी," भाऊ लांबून म्हणाला. "गाडी कवाची थांबलीय."

मी भाऊला सांगायला तोंड उघडलं आणि पुढच्या रांगेतून आवाज आला. खुर्च्या मागे सरकल्याचा. एक, मग दोन, मग सगळ्या. माणसं जेवून उठतात तशा त्या सरकल्या आणि मांडवाच्या तोंडाकडे जाणारी वाट आपोआप मोकळी झाली, मागचे पाहुणे नकळत बाजूला झाले. सुकन्या बापाच्या गळ्यात पडून रडत होती. तिच्या शालूचा काठ मागून कुणीतरी उचलून धरल्यासारखा जमिनीपासून सुटला होता. आत्यानं ते पाहिलं. तिनं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि तोंडून नुसता 'आ' निघाला.

मला दुसरं काही सुचलं नाही. मला जे येतं तेच मी केलं. त्या रिकाम्या फाइलीतून वाचून स्पीकरवर पाठवायची आज्ञा लिहिली, तिच्याआधी 'अवेट' लिहिलं, आणि एंटर दाबलं.

रिकामी फाइल वाचायला काही वेळ लागत नाही. आत काहीच नाही, असं क्षणात उत्तर यायला हवं. उत्तर आलं नाही. प्रोग्राम थांबून राहिला. मी बघत होते, आणि शून्याच्या जागी आकडा आला. मग तो वाढला. कुणीतरी त्या फाइलीत लिहीत होतं आणि माझा प्रोग्राम ते लिहून व्हायची वाट बघत होता.

मग स्पीकरमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"ओहटी लागली, वाट निंगाली... जा गो बाय, आपले घरा..."

ओळ संपली. रिकामी जागा आली. आणि त्या जागेत, चाकाच्या खुर्चीत, आत्याचे ओठ हलले. तिच्या घशातून आवाज निघत नव्हता, मी अगदी जवळ उभी होते. पण स्पीकरमधून तिचा आवाज आला, तरणाताठा, ओळ झेलताना. "ओहटी लागली, वाट निंगाली..." आयुष्यभर ओळ सोडणारी हौसाआत्या त्या दिवशी ओळ झेलत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कधी नव्हे ते घाबरलेले होते आणि त्यात कौतुकही होतं.

मांडवातल्या लोकांना वाटलं, रेकॉर्डिंग लावलंय. एकेक नाव येत होतं आणि एकेक नावासरशी सुकन्येमागची दाटी हलकी होत होती. हे मी कसं सांगू, तुम्ही बघायला हवं होतं. पावलांखाली दबलेलं जाजम वर येतं, तसं. रांग संपत आली तेव्हा शालूचा काठ जमिनीला टेकला. वास गेला. सुकन्येनं डोळे पुसले आणि मांडवाबाहेर पाऊल टाकलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी स्पीकरमधून धवला चालूच होता, पण तोवर भाऊनं डीजेला हात केला आणि पोऱ्यानं बटण फिरवून त्याचं गाणं लावलं. मी गुपचूप लॅपटॉप उचलला. प्रोग्राम थांबला होता. फाइल भरलेली होती.

पुढच्याच आठवड्यात हौसाआत्या गेली, झोपेत, अगदी शांतपणे. तिचं दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी, भर उजेडात, मी हेडफोन लावून ती फाइल पहिल्यापासून ऐकली.

झेलणारा आवाज आत्याचा, यात शंका नाही. पण ओळ सोडणारी ती म्हातारी... ऑफिसच्या मीटिंगांच्या रेकॉर्डिंगमध्ये मी स्वतःला इतक्या वेळा ऐकलंय की मला फसवणं शक्य नाही. घसा बसलेला होता, दातही पुरते नसावेत, पण ओळ सुरू करण्याआधी श्वास घ्यायची ती तऱ्हा माझी होती. तो माझा आवाज होता. मी कधी धवला म्हटलेला नाही. मला येतही नाही.

म्हणजे ही बोळवण मी पुढे केव्हातरी म्हणणार आहे, म्हातारी झाल्यावर, कुणाच्या तरी लग्नात. लिहिलं जायचं ते मागाहून, आणि पोचलं आधी. याचं मला नवल वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. मी पुढे ऐकत राहिले, मांडवात कुणी न ऐकलेल्या नावांपर्यंत.

रांगेतलं शेवटचं, गोदूबायचं नाव आलं. तिच्यामागून हौसाआत्याचं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही नावं वयानुसार नाहीत, मानानुसार नाहीत. जो ज्या क्रमानं गेला, त्याच क्रमानं त्याचं नाव येतं. आत्याच्या नावानंतर ती म्हातारी थांबली. झेलून झालं तरी ती थांबलीच होती. मग तिनं पुढचं नाव घेतलं, अगदी हळू.

"जा गो सुकन्याबाय... आपले घरा..."

त्याच्या पुढचं नाव भाऊचं होतं. आधी लेकीचं, मग बापाचं.

मी तिथेच बंद केलं. त्या फाइलीची माहिती मी खूप तपासली. एक गोष्ट मी रोज स्वतःला समजावते, तुम्हालाही सांगते. या पद्धतीनं लिहिताना 'अवेट' सुटलं की तुकडे सांगितल्या क्रमानंच लिहिले जातील, याची हमी नसते. मागचं पुढे पडतं, पुढचं मागे. हे पुस्तकात लिहिलंय, शंभर टक्के खरं आहे. त्या शुक्रवारी 'अवेट' सुटलं होतं. ते माझ्याकडूनच सुटलं होतं. देवा, तेवढ्यानं क्रम चुकलेला असू दे.

काल सुकन्येचा फोन आला होता. आवाजात इतकी खुशी. सातवा महिना लागलाय, आजीची फार आठवण येते म्हणाली. मग म्हणाली, मी निघाले तेव्हा आजीचं जे लावलं होतंस ना, ते रडण्याच्या नादात मी धड ऐकलंच नाही, ते मला पाठव.

"पूर्वीआत्या? पाठवशील ना गो?"

मी म्हटलं, बाय, ती फाइल रिकामी हाय.